घंटा, पेटी आणि मूठ

अमेरिकेत मुलीकडे तीन महिने राहून परत आलो. आल्या आल्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" नायगारा पाहिला, स्वातंत्र्यदेवी पाहिली, असं सांगून टाकलं. पण खरा अभ्यास केला तो न्यू जर्सीतल्या मुलीच्या घराच्या दाराच्या मुठीचा. दर दोन-चार दिवसांनी तिला काहीतरी लटकलेलं असे. वीतभर लांबीची जाड कागदाची पट्टी, वरच्या टोकाला गोल भोक, भोकाला बाजूनं एक चीर. मुठीत अडकवली की वाऱ्याला दाद देत नाही. हॉटेलात 'झोपमोड करू नका' म्हणून जी पट्टी दाराला लावतात, तिची ही चुलत बहीण. 'हिरवळ कापून देऊ', 'छपराच्या पन्हळी साफ करू', 'तुंबलेला नळ मोकळा करू', आणि खाली फोन नंबर. हल्ली शेजारी ते चौकोनी ठिपक्यांचं कोडंही असतं.

"अहो, रस्त्याकडेला एवढी टपालपेटी आहे, तिच्यात का नाही टाकत?" मी जावईबापूंना विचारलं.

"गुन्हा आहे," ते म्हणाले आणि कामाला लागले. निवृत्त माणसाला एवढा धागा पुरतो.

सुरुवात घंटेपासून आहे. १९०६ साली आल्फ्रेड फुलर नावाचा, मूळचा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा, एक तरुण ब्रश बनवून घरोघर विकायला लागला. पुढे त्याचे विक्रेते देशभर घंटा वाजवत हिंडले. दार उघडणाऱ्या बाईंच्या हातावर आधी एक छोटा ब्रश फुकट ठेवायचा आणि मग पेटी उघडायची, अशी त्यांची रीत. फुकटचा ब्रश हातात घेऊन दार लावून घेणं कोणाला जमतं?

ते जमलं वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर या गावाला. हे रेल्वेचं गाव. रात्रपाळी करून आलेले कामगार दिवसा झोपायचे आणि विक्रेते घंटा बडवायचे. शेवटी १९३१ साली गावानं कायदाच केला की बोलावल्याशिवाय विक्रेत्यानं दाराशी यायचं नाही. दुपारच्या झोपेसाठी कायदा करणारं गाव पुण्याबाहेरही असू शकतं, हे वाचून मला भरून आलं. फुलरची कंपनी कोर्टात गेली, पण १९३३ साली अपिलात गावच जिंकलं.

तसाच एक नियम ओहायोतल्या स्ट्रदर्स गावी होता. तिथं धर्मप्रचाराचं पत्रक द्यायला घंटा वाजवणाऱ्या एका बाईंना दहा डॉलर दंड झाला. १९४३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. ज्याला कोणी यायला नको असेल त्यानं आपल्या दारावर तशी पाटी लावावी, सरसकट बंदी नको. मात्र १९५१ साली, मासिकांच्या वर्गण्या गोळा करणाऱ्याच्या खटल्यात, त्याच न्यायालयानं विक्रेत्यांवरची बंदी मान्य केली. म्हणजे धर्माला घंटा माफ, धंद्याला नाही. आपल्याकडे तरी घंटा देवळातच शोभते.

आता पेटी. मंदीच्या काळात वीज-गॅसच्या कंपन्या आपली बिलं माणसं पाठवून पेट्यांत टाकू लागल्या आणि टपालखात्याचं तिकिटाचं उत्पन्न बुडायला लागलं. म्हणून १९३४ साली कायदा झाला: तिकीट नसलेला कागद पेटीत टाकायचा नाही. पेटी घरमालकानं पदरच्या पैशानं आणायची आणि हुकूम टपालखात्याचा! न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनबर्ग भागातल्या नागरिक संघटना यावर भांडल्या आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात हरल्या.

घंटा गेली, पेटी गेली, उरली मूठ. तिच्याबद्दलही गावोगावचे नियम आहेत, पण ती बिचारी वाजत नाही आणि तिला तिकीटही लागत नाही.

आमच्या लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा. त्याचा गळा हीच जाहिरात. वाड्याचं दार दिवसा सताड उघडं, त्यामुळे आरोळी थेट स्वयंपाकघरात पोहोचायची आणि आजी काळी पडलेली पातेली घेऊन बाहेर यायची. न्यू जर्सीत ओरडून कोणाला ऐकू जाणार? खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

एका शनिवारी मी त्यातल्या एका कल्हईवाल्याला, म्हणजे हिरवळ कापणाऱ्याला, पाहिलं. समोरच्या घराचं काम संपवून यंत्र गाडीत चढवलं, घाम पुसला आणि पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन निघाला. रस्त्याच्या या बाजूला तो, त्या बाजूला त्याची बायको. सगळ्या गावाला टपालानं पत्रकं धाडायची तर तिकिटांतच बुडायचा. पायांना तिकीट नाही. शिवाय त्यात एक हुशारी होती. शेजारची नुकती कापलेली हिरवळ समोर दिसत असताना पट्टी हातात पडली, की आपल्या अंगणाची दाढी वाढल्याचं माणसाला आपोआप दिसतं. हिरवळीवरून आडवं न जाता तो पायवाटेनंच प्रत्येक दाराशी जाई. 'विक्रेत्यांना मनाई' अशी पाटी दिसली की तेवढं दार सोडून पुढं.

या सोयीतली मेख घरमालकांना ठाऊक आहे. मुठीला चार-पाच पट्ट्या साचल्या की घरात कोणी नाही, हे चोराला लांबूनच वाचता येतं. म्हणून सुट्टीवर निघताना तिथली माणसं शेजाऱ्याला दोन कामं सांगून जातात: झाडांना पाणी घाला आणि मुठीवरचे कागद काढा.