हलकी रायफल, जड जनावर आणि एक जुना वाद

शौकाची शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवळली गेली आणि १९९१ च्या दुरुस्तीने जवळपास संपली. त्यामुळे "एल्कसाठी कोणती हलकी रायफल घ्यावी?" हा प्रश्न आपल्या गावीही नसतो. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या राज्यांत मात्र शरद ऋतू आला की हाच प्रश्न चघळला जातो. मला स्वतःला शिकारीची हौस नाही. पण या प्रश्नाच्या मागे मागे गेलो, तेव्हा त्यात कायदा, कर आणि माणसाची सदसद्विवेकबुद्धी असं सगळंच सापडलं. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय.

आधी जनावर समजून घेऊ. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण आणखी दांडगं हरीण. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो. एकेकाळी ते जवळपास सगळ्या उत्तर अमेरिकेत होतं. एकोणिसाव्या शतकात मांसासाठी, कातड्यासाठी, इतकंच काय, घड्याळाच्या साखळीत अडकवायच्या दातांसाठी ते मारलं गेलं. विसावं शतक उजाडेपर्यंत संख्या लाखाच्याही खाली आली. मग लोक जागे झाले. १९०० मध्ये लेसी कायदा आला, बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार गुन्हा ठरला. १९१२ मध्ये वायोमिंगमध्ये एल्कसाठी राखीव क्षेत्र झालं. यलोस्टोन भागातले एल्क रेल्वेने नेऊन दुसऱ्या राज्यांत सोडले गेले. आज संख्या दहा लाखांच्या आसपास आहे.

आता बंदुकीकडे येऊ. १९०६ मध्ये अमेरिकी लष्कराने .३०-०६ नावाचं काडतूस स्वीकारलं. .३० म्हणजे इंचात नळीचा व्यास, ०६ म्हणजे साल. १९२५ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्याच घराण्यातल्या काडतुसाचं तोंड अरुंद करून .२७० काढलं. गोळी फक्त १३० ग्रेनची, म्हणजे साडेआठ ग्रॅमही नाही, पण वेग सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या घरात. इथून भांडण पेटलं.

एका बाजूला जॅक ओ'कॉनर. पत्रकारितेचे प्राध्यापक, पुढे 'आउटडोअर लाइफ' मासिकाचे बंदूकविषयक संपादक. त्यांचं म्हणणं, गोळी योग्य जागी लागली तर .२७० पुरेसं आहे, आणि कमी धक्क्याच्या रायफलीने ती योग्य जागी लागते. दुसऱ्या बाजूला एल्मर कीथ. गुराखी, वाटाड्या, पहाडात आयुष्य काढलेला माणूस. ते म्हणत, एल्क दर वेळी बाजू दाखवून उभा राहत नाही. दाट झाडीत पाठमोरा पळणारा एल्क पाडायचा तर .३३ इंचाची नळी आणि २५० ग्रेनची जड गोळीच हवी. गंमत म्हणजे उत्तरायुष्यात दोघेही आयडाहो राज्यातच राहिले, आणि वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

माझ्या मते तो वाद अर्धाअधिक सोडवला तिसऱ्याच माणसाने. जॉन नॉसलर १९४६ मध्ये कॅनडात मूस मारायला गेले. मूस हे एल्कहूनही मोठं हरीण. त्यांच्या वेगवान गोळ्या चिखलाने माखलेल्या कातडीवर आपटून वरच्या वरच फुटल्या. परत येऊन त्यांनी मध्ये तांब्याच्या मिश्रधातूची भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. १९४८ पासून ती विकायला आली. गोळी किती जड, यापेक्षा ती आत गेल्यावर कशी वागते हे महत्त्वाचं, हे यातून पटलं.

राहिला प्रश्न वजनाचा. एल्क राहतो अडीच-तीन हजार मीटर उंचीवर. तिथे दिवसभर चढताना प्रत्येक पाव किलो जाणवतो. म्हणून १९५२ मध्ये विंचेस्टरने मॉडेल ७० ची 'फेदरवेट' आवृत्ती आणली. १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या मेल्व्हिन फोर्ब्स यांनी केव्हलार आणि कार्बनच्या धाग्यांचे दस्ते बसवून दुर्बिणीशिवाय सव्वादोन किलोच्या आसपास भरणाऱ्या रायफली बनवल्या.

पण न्यूटनला फसवता येत नाही. काडतूस तेच ठेवून रायफल चार किलोवरून तीन किलोवर आणली, की धक्क्याची ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने वाढते. १९६० च्या दशकात ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम, .३०० विंचेस्टर मॅग्नम अशी दणकट काडतुसं आली. ती हलक्या रायफलीत घातली की खांदा शेकतो. दोन-चार बार झाले की माणूस चाप ओढायच्या आधीच अंग चोरतो, आणि नेम हलतो. भोगतं जनावर. पोटात गोळी लागलेला एल्क मैलोन्‌मैल जाऊन कुठल्यातरी घळीत मरतो, आणि त्याची नोंद कुणाच्याच वहीत होत नाही.

म्हणूनच हलकी रायफल घ्यायची तर काडतूस मध्यम हवं: .२७०, .३०८ किंवा १९८० चं ७ मिमी-०८. गोळी मजबूत बांधणीची हवी, आणि लांबून मारायचा मोह आवरायला हवा. जवळ जाता येत नसेल तर गोळी झाडायची नाही. म्हणजे खांद्यावरचं ओझं कमी केलं, तर ते पायांनी आणि संयमाने भरून द्यायचं.

कायदाही यात आहेच. कोलोराडोत एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची हवी आणि शंभर यार्डांवर तिच्यात किमान १००० फूट-पौंड ऊर्जा उरायला हवी. मांस वाया घालवणं हाही तिथे गुन्हा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. म्हणजे रायफल हलकी असो की जड, तिच्या किमतीतला वाटा जंगलाकडे जातोच.

ही व्यवस्था आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही. आपला देश वेगळा, जंगलावरचा ताण वेगळा, आणि आपली बंदी मला योग्यच वाटते. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कायदा फक्त किमान मर्यादा ठरवतो. ८५ ग्रेनची अट पाळूनही माणूस एल्कला हाल हाल करून मारू शकतो. त्यापुढचं जे काही असतं, ते पहाडात कुणी बघत नसताना, चापावर बोट ठेवलेल्या माणसानेच ठरवायचं असतं. आपल्याकडच्या कितीतरी नियमांचंही असंच आहे, नाही का?