शंभर फुटांची साखळी: भारताच्या महामापनाचा इतिहास

१/
शालेय विज्ञानाच्या पुस्तकात मापनाचा धडा अगदी आरंभी येतो. राशी, एकक, त्रुटी, अचूकता हे शब्द तेथेच प्रथम भेटतात. प्रयोगशाळेच्या भिंतीवर सुरक्षेचे नियम लावलेले असतात. हे दोन्ही धडे एकोणिसाव्या शतकात भारताच्या भूमीवर फार मोठे मोल देऊन गिरवले गेले. त्या प्रयोगशाळेला भिंती नव्हत्या. ती कन्याकुमारीपासून मसुरीच्या डोंगरापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर पसरलेली होती.

२/
मापन या देशाला नवे नव्हते. शिवकालात पाच हात आणि पाच मुठींची काठी हे जमीन मोजण्याचे एकक ठरले होते. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद क्षेत्राचा एक बिघा, एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. शेताचा सारा ठरवण्यास ही व्यवस्था पुरेशी होती. परंतु दोन डोंगरांमधील, नदीपलीकडील किंवा दोन समुद्रांमधील अंतर काठीने मोजता येत नाही. त्यासाठी निराळी रीत हवी होती.

३/
इ. स. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती मोठा प्रदेश आला, पण त्याचा भरवशाचा नकाशा तिच्याजवळ नव्हता. त्या युद्धात लढलेल्या विल्यम लॅम्ब्टन या अधिकाऱ्याने द्वीपकल्प आरपार मोजण्याची योजना मांडली. कंपनीला महसूल आणि सैन्याच्या हालचाली यांसाठी नकाशा हवा होता. लॅम्ब्टनची जिज्ञासा त्याहून मोठी होती: पृथ्वीचा नेमका आकार कोणता?

४/
रीत भूमितीची होती. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्यांतील एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते आणि अशी त्रिकोणांची माळ शेकडो कोस पुढे नेता येते. प्रत्यक्ष जमिनीवर मोजावी लागते ती केवळ आरंभीची आधाररेषा. मात्र तिच्यात चूक राहिली, तर ती माळेतील प्रत्येक त्रिकोणात उतरते.

५/
१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात ही आधाररेषा मोजण्यास आरंभ झाला. लांबी साडेसात मैल. साधन होते पोलादाची शंभर फुटी साखळी. तिचाही एक इतिहास होता. ब्रिटिश वकिलातीने चीनच्या सम्राटासाठी नेलेल्या नजराण्यांपैकी ती एक होती. सम्राटाला त्या वस्तूंचे अप्रूप वाटले नाही. साखळी कलकत्त्यास आली आणि तेथून लॅम्ब्टनच्या हाती पडली.

६/
साखळी जमिनीवर टाकून ओढली जात नसे. तिवईंवर आधारलेल्या लाकडी पन्हळींत ती ताणून ठेवत आणि तिच्यालगत तापमापक मांडत. कारण उष्णतेने पोलाद प्रसरण पावते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर शंभर फुटांची साखळी साडेतीन मिलिमीटरहून किंचित अधिक लांबते. हा फरक नखाएवढाही नाही. पण साडेसात मैलांसाठी साखळी सुमारे ४०० वेळा मांडावी लागते, आणि तेवढ्यात हीच चूक जवळपास दीड मीटर होते.

७/
हिशेब आणखी पुढे नेला तर गांभीर्य कळते. बारा किलोमीटरच्या रेषेत दीड मीटरची चूक राहिली आणि त्या एकाच रेषेवर २,४०० किलोमीटरची माळ रचली, तर शेवटी सुमारे ३०० मीटरचा फरक पडेल. म्हणून प्रत्येक वाचनाबरोबर तापमान नोंदवले जाई, आणि माळेत काही अंतरावर नवी आधाररेषा मोजून जुना हिशेब ताडून पाहिला जाई. निर्देशांकाची दुरुस्ती आणि पडताळा हे शब्द पुस्तकात कोरडे वाटतात. मद्रासच्या उन्हात त्यांवाचून एकही पाऊल पुढे पडत नव्हते.

८/
कोन मोजण्यासाठी इंग्लंडहून थिओडोलाइट मागवला होता. त्याचे वजन सुमारे अर्धा टन, म्हणजे तो वाहून नेण्यास माणसांचा तांडाच लागे. तो आणणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. दोन्ही राष्ट्रांत युद्ध चालू होते. तरीही यंत्र शास्त्रीय कार्यासाठी आहे हे कळल्यावर तेथील फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले.

९/
१८०८ मध्ये तंजावरात अपघात घडला. सपाट प्रदेशात दूरवर दिसावे म्हणून हे यंत्र उंच मंदिराच्या शिखरावर दोरांनी चढवले जात होते. एक दोर तुटला आणि यंत्राची पेटी भिंतीवर आदळली. कोनांच्या खुणा असलेले वर्तुळ वाकले. दुसरे यंत्र तातडीने मिळण्याजोगे नव्हते. लॅम्ब्टन काही आठवडे तंबूत यंत्राजवळ बसून राहिला आणि वाकलेले वर्तुळ तसूतसूने ओढून पूर्ववत केले. त्यानंतरही त्याच यंत्राने वर्षानुवर्षे कोन मोजले गेले.

१०/
यंत्र दुरुस्त करता येते. माणसाचे तसे नसते. १८१९ मध्ये लॅम्ब्टनचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट कृष्णा आणि गोदावरी यांच्या दरम्यानच्या जंगलात काम करत होता. पावसाळ्यात धुके निवळून दूरचे स्पष्ट दिसते, म्हणून मोजणी नेमकी त्याच दिवसांत चाले. तळावर तापाची साथ पसरली. एव्हरेस्टसह बहुतेक सगळे आडवे झाले आणि अनेक जण दगावले. प्रकृती सुधारण्यासाठी एव्हरेस्टला आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जावे लागले.

११/
त्या काळी हा ताप दलदलीच्या दूषित हवेने येतो असा समज होता. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. हिवतापाच्या जंतूचा डासाशी असलेला संबंध रोनाल्ड रॉसने ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत, म्हणजे त्याच निजामाच्या राज्यात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सर्वेक्षकांना साखळीचे प्रसरण मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठाऊक होते. आपल्याच तंबूत गुणगुणणारा धोका त्यांना ओळखता आला नव्हता. ज्या धोक्याचे कारण कळलेले नाही, त्याविरुद्ध नियम करता येत नाही.

१२/
वृद्ध लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरच्या दिशेने निघाला होता. वाटेत, वर्धा परिसरातील हिंगणघाट येथे, २० जानेवारी १८२३ रोजी त्याने देह ठेवला. वीस वर्षांहून अधिक काळ त्याने या एकाच कामाला वाहिलेला होता. त्याचे दफन हिंगणघाटातच झाले. जगातील सर्वांत मोठ्या भूमापनाचा आरंभ करणारा माणूस महाराष्ट्राच्या मातीत विसावला आहे, हे त्या वाटेने जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते.

१३/
पुढची सूत्रे एव्हरेस्टकडे आली. १८३० मध्ये तो इंग्लंडहून परतला तेव्हा साखळीऐवजी दहा फुटी दुहेरी पट्ट्या घेऊन आला. पितळ आणि लोखंड या दोन धातूंच्या पट्ट्या मधोमध जोडलेल्या होत्या. पितळ अधिक प्रसरण पावते, लोखंड कमी. या फरकाचाच उपयोग करून दोन्ही टोकांच्या खुणा अशा ठिकाणी केल्या होत्या, की तापमान बदलले तरी त्यांच्यातील अंतर तेच राहावे. जी त्रुटी लॅम्ब्टन मोजून वजा करत असे, ती आता यंत्राच्या रचनेतच नाहीशी केली गेली.

१४/
मोजणीच्या वेळाही बदलल्या. दिवसा तापलेल्या हवेत खुणा थरथरतात, म्हणून रात्री दिवे लावून कोन घेतले जाऊ लागले. गंगा-यमुनेच्या सपाट दुआबात उंच मनोरे बांधले गेले. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन नाजूक यंत्रांची दुरुस्ती करत. पुढे ते विभागाचे यंत्रकार झाले. १८४३ मध्ये एव्हरेस्ट निवृत्त झाला तेव्हा दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचे मापन पूर्ण झाले होते.

१५/
तरीही एक गाठ सुटत नव्हती. मध्य भारतातील कल्याणपूर आणि दिल्लीच्या उत्तरेचे कलियाना यांच्या अक्षांशांतील फरक त्रिकोणांनी एक येई आणि ताऱ्यांच्या वेधांनी दुसरा. तफावत सुमारे सव्वापाच विकला, म्हणजे जमिनीवर साधारण १६० मीटर. कलकत्त्याचे धर्मोपदेशक आणि गणिती जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानामुळे ओळंबा किती ओढला जाईल याचा हिशेब केला. उत्तर आले जवळपास सोळा विकला, प्रत्यक्षाच्या तिप्पट!

१६/
पर्वत दिसतो तेवढा ओढत का नाही? त्याखालील कवच तुलनेने हलके असले पाहिजे, या तर्कातून १८५५ च्या सुमारास प्रॅट आणि जॉर्ज एअरी यांनी भूकवचाच्या समतोलाचा विचार मांडला. आजच्या भूगर्भशास्त्राचा तो एक आधारस्तंभ आहे. ही तफावत कोणी ‘किरकोळ चूक’ म्हणून खोडली असती, तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. त्रुटीची प्रामाणिक नोंद हीसुद्धा शोधाची पहिली पायरी असते.

१७/
याच मापनातून शिखर क्रमांक १५ ची उंची निघाली. दूरच्या अनेक ठाण्यांवरून घेतलेले कोन, हवेतील प्रकाशाचे वक्रीभवन आणि पृथ्वीची गोलाई यांचा हिशेब करून १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. २०२० मध्ये घोषित झालेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. शिखरावर पाऊलही न ठेवता केलेल्या त्या मापनात आणि आजच्या आकड्यात अंतर आहे ते केवळ नऊ मीटरांचे. शिखराला नाव मिळाले एव्हरेस्टचे.

१८/
या गणितांमागे होते विभागाचे मुख्य गणक राधानाथ सिकदार. १८३१ मध्ये, विशीही न उलटलेल्या वयात, ते सेवेत आले होते. त्यांच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग शिखराइतकाच महत्त्वाचा आहे. १८४३ मध्ये डेहराडूनच्या इंग्रज मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षणाच्या मजुरांना वेठीस धरले, तेव्हा सिकदार आडवे आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि दोनशे रुपयांचा दंड झाला, तो सिकदारांनाच.

१९/
सर्वेक्षणाच्या खंडांत साखळीची लांबी इंचाच्या सूक्ष्म अंशापर्यंत छापलेली आहे. ती साखळी ताणणारे खलाशी, रात्री डोंगरावर दिवा जागवणारे, वाट मोकळी करताना जंगलात तापाने गेलेले लोक मात्र त्या खंडांत बहुधा संख्येनेच येतात, नावाने क्वचितच. त्यांच्या कामाची अचूकता आजही तपासता येते. त्यांची नावे बहुतांशी हरवली आहेत.

२०/
म्हणून प्रयोगवहीत तापमानाचा रकाना भरताना आणि भिंतीवरील सुरक्षेचे नियम वाचताना एवढे ध्यानात असावे, की हे दोन्ही कागद एकाच शिस्तीचे आहेत. पहिला सांगतो की साधनावर आंधळा विश्वास ठेवू नये. दुसरा सांगतो की साधन हाताळणारा हात साधनाहून मोलाचा आहे. पहिला धडा या महामापनाने उत्तम रीतीने शिकवला. दुसरा शिकण्यास त्याने फार उशीर लावला, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचे स्मारक कोठेही नाही.