रविवारची सुट्टी कुणी दिली?

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. हे अर्धंच खरं आहे. साहेबाच्या कचेरीला रविवारी कुलूप असायचं. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. दिवस उगवला की आत, मावळला की बाहेर.

ती सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी. मागे नाव होतं नारायण मेघाजी लोखंडे. हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. स्वतः कापड गिरणीत स्टोअरकीपर होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत नेलं आणि चालवलं.

आता बघा, तेव्हाचे कामगार काही एकजीव नव्हते. कुणी कोकणातला, कुणी घाटावरचा. जात वेगळी, राहायची खोलीही गाववाल्यांची. काम जॉबरच्या मेहेरबानीवर. म्हणजे जो तो आपापल्या जॉबरचा माणूस. यांना एकत्र बांधायचं कशाने?

लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या ठरवल्या. आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पगार. यातली एकही मागणी जात किंवा गाव विचारत नाही. आणि कुणाला समजावूनही सांगावी लागत नाही. फॅक्टरी कमिशनला दिलेल्या त्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार जणांच्या सह्या होत्या.

मग २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार आले. दोन कामगार बाया उठून बोलल्या. १८९० साली! दीड-दोन महिन्यांत गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

गंमत म्हणजे या ‘मिल हँड्स असोसिएशन’कडे ना सभासदांची यादी होती, ना फंड, ना नियमावली. सरकारी अहवालातच तशी नोंद आहे. तिच्याजवळ होत्या नेमक्या मागण्या, आपलं वर्तमानपत्र आणि कुणालाही उभं राहून बोलता येईल असं मैदान. अर्थात यादी-फंड नसल्याची किंमतही मोजावी लागली. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले आणि संघटना टिकली नाही. हेही सांगायला हवं.

हे आज का लिहितोय? आमच्या गावातल्या कंत्राटी सफाई कामगारांची बातमी करत होतो. कायद्यात साप्ताहिक सुट्टी आहे, यांना खाडा केला की पैसे कापतात. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर शुभ सकाळ, वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं काही. सुट्टीबद्दल चकार शब्द नाही. मी विचारलं, का हो? एक ताई म्हणाल्या, ‘दादा, ग्रुपात मुकादम पण हाय ना.’

बास. यात सगळं आलं. जिथे मालकाचा कान बसलेला आहे, तिथे माणसं फक्त शुभेच्छाच देणार. शिवाय ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्या बाया त्या ग्रुपमध्ये नाहीतच. एकाच गाडीवर कचरा उचलणारी माणसं, पण एकत्र बोलायला जागा नाही.

म्हणून म्हणतो, नवा ग्रुप काढण्याआधी दोन गोष्टी ठरवा. नक्की काय मागायचंय? आणि ज्याला लिहिता येत नाही, ज्याला मुकादमाची भीती आहे, तो कुठे बोलणार? समाजमंदिर चालेल, वडाचा पार चालेल.

तुमच्या गावातल्या घंटागाडीवरच्या माणसाला उद्या एवढंच विचारा, पगारी सुट्टी मिळते का? उत्तर इथे कमेंटमध्ये टाकू नका. त्यांच्यासोबत बसून अर्जावर लिहा आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.