अंड्याचे टोक आणि यंत्रातले अंक

जोनाथन स्विफ्टने १७२६ साली लिहिलेली गलिव्हरची सफर आपण बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली आहे. बोटाएवढ्या माणसांचे लिलिपुट आपल्याला आठवते. पण तिथल्या यादवीचे कारण क्वचितच कोणी सांगू शकेल. बादशहाच्या आजोबांचे बोट लहानपणी अंडे फोडताना कापले, म्हणून त्यांच्या वडिलांनी फर्मान काढले की प्रजेने यापुढे अंडे बारक्या टोकाकडूनच फोडावे. एवढ्यावरून सहा बंडे झाली, एका बादशहाचा प्राण गेला, दुसऱ्याचा मुकुट गेला, आणि ११,००० माणसांनी बारके टोक फोडण्यापेक्षा मरण पत्करले. युरोपातील धर्मपंथांच्या भांडणावर स्विफ्टने ओढलेला हा कोरडा होता, आणि स्विफ्ट स्वतः डब्लिनचा धर्माधिकारी होता हे विसरू नये.

ही कथा पुढे २५४ वर्षांनी गणकयंत्रे बांधणाऱ्यांच्या भांडणात कशी उपयोगी पडली, हा आजचा विषय आहे.

यंत्राची स्मृती म्हणजे पोस्टातील टपालाच्या खणांसारखी क्रमांक घातलेल्या खणांची एक लांबच लांब ओळ. एका खणात एक ‘बाइट’ मावतो. त्यात ० ते २५५ एवढाच आकडा बसतो. त्याहून मोठी संख्या आली की तिचे तुकडे करून शेजारशेजारच्या खणांत ठेवावे लागतात. आता पहिल्या खणात मोठा तुकडा ठेवायचा की लहान? प्रश्न एवढाच. आय.बी.एम. कंपनीच्या १९६४ सालच्या ‘सिस्टिम ३६०’ने मोठा तुकडा पुढे ठेवला. १९७० साली आलेल्या डिजिटल कंपनीच्या ‘पीडीपी-११’ने लहान पुढे ठेवला. पुढे इंटेल धाकट्यांच्या बाजूला गेली, मोटोरोला थोरल्यांच्या.

दोन्ही पक्षांजवळ युक्तिवाद होते, आणि ते पोरकट नव्हते. बेरीज करताना आपण एककापासून आरंभ करून हातचा डावीकडे नेतो. मग यंत्रानेही एकक आधी का उचलू नये? उलट, दोन संख्यांत मोठी कोणती हे पाहायचे तर नजर आधी थोर अंकाकडे जाते. शिवाय माणूस कागदावर संख्या लिहितो तोच क्रम खणांत दिसला तर चूक शोधणे सोपे.

आपण मराठी माणसांनी या वादाकडे परका म्हणून पाहण्याचे कारण नाही. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी लिहितो. आपले जुने ज्योतिषी अंकांना शब्दांची नावे देत आणि एककापासून सुरुवात करीत; ‘वेद’ आणि मग ‘नेत्र’ म्हटले की चोवीस समजायचे. आणि ‘पंचवीसशे चौसष्ट’ म्हणून पाहा: थोरली जोडी आधी, पण प्रत्येक जोडीत धाकटा अंक पुढे! गंमत अशी की चार बाइटांची संख्या हाताळताना पीडीपी-११ची जी विचित्र तऱ्हा होई, ती नेमकी हीच. तिला अभियंते हसत. आपण रोज बाजारात तशीच बोलतो.

यंत्र एकटे होते तोवर ज्याची त्याची चाल त्याच्या घरात खपून गेली. यंत्रे एकमेकांशी बोलू लागली तेव्हा घोटाळा झाला. ‘युनिक्स’ ही प्रणाली पीडीपी-११वरून दुसऱ्या घराण्याच्या यंत्रावर नेली, तेव्हा यू-एन-आय-एक्स या चार अक्षरांच्या जोड्या उलटल्या आणि एन-यू-एक्स-आय असे बाहेर आले. या दोषाला ‘नुक्सी’ असेच नाव पडले.

अशा वेळी, १ एप्रिल १९८० रोजी, इस्रायलमधून अमेरिकेत आलेले डॅनी कोहेन यांनी कॅलिफोर्नियातून एक टिपण काढले. तारीख थट्टेची, विषय गंभीर. त्यात त्यांनी या झगड्याला धर्मयुद्ध म्हटले, शांततेची याचना केली, आणि दोन्ही पक्षांना स्विफ्टकडून उसनी नावे दिली: ‘बिग-एंडियन’ आणि ‘लिट्ल-एंडियन’. मला या नामकरणाचे मोल फार वाटते. जोवर माझा क्रम ‘सरळ’ आणि तुझा ‘उलटा’ असतो, तोवर नावातच निकाल लागलेला असतो. कोहेन यांनी दोघांनाही सारखेच हास्यास्पद केले, म्हणून कोणाचा अपमान झाला नाही. शुद्धतेचा टेंभा मिरवणाऱ्या यंत्रांतही भेसळ कुठे आहे, हे त्यांनी कंपनीचे नाव घेऊन दाखवले. मोटोरोलाच्या ६८००० मध्ये बाइट एका दिशेने मोजलेले आणि त्यांतले बिट दुसऱ्या, हे त्यांतलेच एक.

पण स्विफ्टचा निष्कर्ष मात्र त्यांनी उलटा फिरवला. स्विफ्टच्या मते भेद क्षुल्लक आहे, म्हणून ज्याने त्याने आपल्या मर्जीने अंडे फोडावे. कोहेन म्हणाले की भेद क्षुल्लक आहे हे खरेच, आणि म्हणूनच सर्वांनी एकच रीत पाळावी. कोणती, ते नाणे उडवून ठरवले तरी चालेल. जेवणाच्या ताटावर स्विफ्ट बरोबर आहे. पत्रव्यवहार करायचा असेल तर कोहेन.

हे टिपण ऑक्टोबर १९८१ मध्ये विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘कॉम्प्युटर’ मासिकात छापले गेले, आणि त्यातली नावे पाठ्यपुस्तकांत रुळली. नाणे मात्र कोणी उडवले नाही. यंत्रजाळ्याच्या १९८१ सालच्या नियमांत थोरले टोक पुढे ठेवले गेले. घरोघरची यंत्रे, इंटेलच्या प्रसारामुळे, बहुतांशी धाकट्या टोकाची झाली. त्यामुळे आज आपल्या टेबलावरचे यंत्र एखादा निरोप धाडते, तेव्हा त्यावरचे पत्त्याचे आणि लांबीचे आकडे निघताना एकदा उलटे केले जातात आणि पोचल्यावर पुन्हा एकदा.