बर्गेन बोलीचे उच्चार

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन शहराच्या बोलीची उच्चारपद्धती. सभोवतालच्या ग्रामीण बोलींहून ही बोली स्पष्टपणे वेगळी आहे. येथे सु. १३६० मध्ये स्थापन झालेली हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची वखार १७५४ पर्यंत टिकली. बोलीतील पुल्लिंग व स्त्रीलिंग एकरूप झाले, ते या दीर्घ भाषासंपर्कामुळे, असे सामान्यतः मानतात.

उच्चारातील ठळक बदल मात्र त्यानंतरचा आहे. जिभेच्या टोकाने उच्चारल्या जाणाऱ्या ‘र’ च्या जागी एकोणिसाव्या शतकात पडजिभेजवळून उच्चारला जाणारा अलिजिव्हीय ‘र’ येथे रूढ झाला. पूर्व नॉर्वेत ‘र’ व त्यापुढील ‘न’, ‘त’ यांच्या संयोगातून मराठी ‘ण’, ‘ट’ यांसारखे मूर्धन्य ध्वनी निर्माण होतात. त्यामुळे ‘मूल’ या अर्थाचा ‘बार्न’ हा शब्द ऑस्लोमध्ये ‘बाण’ असा ऐकू येतो. बर्गेनच्या ‘र’ मध्ये जिभेचे टोक वापरले जात नसल्याने तेथे असे मूर्धन्य ध्वनी नाहीत. आमुन लार्सेन व गेरहार्ड स्टॉल्ट्स यांनी या बोलीचे सविस्तर वर्णन केले (१९११-१२).

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तरुण पिढीच्या बोलण्यात तालव्य घर्षक व ‘श’ यांतील भेद लोपू लागला. परिणामी ‘ह्येन्ने’ (ओळखणे) व ‘शेन्ने’ (रागावणे) हे शब्द अनेकांच्या तोंडी सारखेच होतात. हा बदल पुष्कळांना अशुद्ध वाटतो. तथापि लिंगभेदाचा लोप हाही एके काळी असाच एका भेदाचा लोप होता आणि आज तो या शहराच्या बोलीची ओळख मानला जातो.