तापीकाठचा कापूस आणि जपानी ताट

लोणखेड्याहून मुंबईला चर्चासत्रासाठी गेलो, की दिवसभर निबंध ऐकायचे, संध्याकाळी दादरच्या एखाद्या खानावळीत जेवायचे आणि रात्रीची बस धरून सकाळी शहाद्याला उतरायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. मागच्या हिवाळ्यात तो मोडला. माझा एक जुना विद्यार्थी, धडगावकडचा पावरा मुलगा, पदवीनंतर हॉटेलच्या धंद्यात शिरला आणि आता मुंबईतल्या एका उंची जपानी उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करतो. 'सर, आज जेवण माझ्याकडे,' असे त्याने फोनवर सांगितले. मी संकोचत गेलो.

लाकडी फळीपाशी बसवले गेले. हात पुसायला गरम पाण्यात पिळलेला पंचा आला, मग हिरवा चहा. समोर आचारी भाताचा लहानसा घास मुठीत वळी, त्यावर माशाची पातळ काप ठेवी आणि एकेक घास पुढ्यात मांडी. भात कोमट होता, मासा गार. मागवायचे काहीच नव्हते. काय वाढायचे ते आचाऱ्यावर सोपवायचे, ह्या रीतीला जपानीत 'ओमाकासे' म्हणतात. वासाबीचा तिखटपणा मोहरीच्या जातीचा, क्षणात नाकात चढणारा आणि क्षणात विरणारा. नंदुरबारच्या मिरचीवर वाढलेल्या जिभेला हे तिखट मोठे सभ्य वाटले. मेनूवरचा आकडा मात्र सभ्य नव्हता. तेवढ्यात आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाचे महिन्याभराचे जेवण सहज निघाले असते.

काम आटोपून तो विद्यार्थी शेजारी येऊन उभा राहिला. महाविद्यालयात असताना हा मुलगा डबा नेहमी एकटा, ग्रंथालयाच्या मागे बसून खात असे. डब्यात भगरीचा भात आणि रानभाजी असे, आणि ती कुणी पाहू नये असे त्याला वाटे. आता तो मला प्रत्येक माशाचे नाव, तो कुठल्या पाण्यातला, हे अभिमानाने सांगत होता. बोलता बोलता त्याने विचारले, 'सर, हे मूळचे रस्त्यावर उभ्याने खायचे खाणे होते असे आमचे शेफ सांगतात. मग ते एवढे मोठे कधी झाले?'

प्रश्न इतिहासाचा होता आणि मी मराठीचा अध्यापक. तरीही परतल्यावर तो प्रश्न सुटेना. त्याच्या मागे जाताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

शेफचे म्हणणे खरे आहे. सुशीचे सर्वांत जुने रूप म्हणजे मासा टिकवण्याची एक युक्ती. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचा, भात टाकून द्यायचा आणि मासा खायचा. आपल्याकडच्या आठवडी बाजारात सुके बोंबील ज्या गरजेतून येतात, तीच ही गरज. आज आपण ओळखतो ती मुठीत वळलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. हानाया योहेई ह्या विक्रेत्याचे नाव तिच्याशी जोडले जाते. घाईतल्या माणसाने गाड्यापाशी उभे राहून, हाताने उचलून खायचा तो पदार्थ. घास आजच्यापेक्षा बराच मोठा असे, कारण पोट भरणे हा हेतू होता. आज ज्या चरबीदार ट्यूनासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात, त्या भागाला तेव्हा मोल नव्हते. मांजरसुद्धा ओलांडून जाईल, अशी त्याची टवाळी होत असे.

जपानी उंची जेवणाची दुसरी परंपरा 'कैसेकी'ची. ती चहाच्या विधीतून आली. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू ह्या चहागुरूने त्या विधीला साधेपणाची शिस्त लावली. चहाआधीचे जेवण मोजके, ऋतूला धरून. ते लिहिण्याच्या एका पद्धतीत 'कुशीतला दगड' असा अर्थ निघतो. उपाशी झेन भिक्षू भूक मारण्यासाठी तापवलेला दगड पोटाशी धरीत, अशी त्यामागची कथा. म्हणजे जगातल्या अत्यंत महागड्या जेवणांपैकी एकाच्या नावात भूक दडलेली आहे. ही कथा कुणालाही काव्यमय वाटेल. परंतु आमच्या जिल्ह्यातून ती वाचताना अडखळायला होते. भिक्षूची भूक त्याने स्वीकारलेली होती. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या कुपोषित बालकांची भूक कुणी स्वीकारलेली नाही. साधेपणाचे सौंदर्यशास्त्र मांडताना हा भेद विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे वळू. जपान आणि आपला मुलूख ह्यांचे नाते उपाहारगृहापासून सुरू होत नाही, ते कापसापासून सुरू होते. १८९३ साली जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा ह्या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई ते जपान अशी बोटसेवा सुरू केली. कापसाच्या वाहतुकीवरील इंग्रजी कंपनीची मक्तेदारी मोडणे हा तिचा उद्देश होता. टाटांची बाजू फार काळ टिकली नाही, जपानी बोटी मात्र येत राहिल्या. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरत ते भुसावळ लोहमार्ग पुरा झाला आणि नंदुरबार त्या मार्गावर आले. खानदेशातला आखूड धाग्याचा कापूस मुंबईच्या बाजारात 'खानदेश' ह्याच नावाने ओळखला जाई, आणि अशा आखूड धाग्याच्या हिंदी कापसाला जपानी गिरण्या हे मोठे गिऱ्हाईक होते. १९३३ साली हिंदुस्थान सरकारने परदेशी कापडावरची जकात वाढवली, तेव्हा जपानी गिरणीवाल्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारात जपानने किती कापड इथे विकायचे, हे त्याने किती कापूस विकत घ्यायचा ह्याच्याशी बांधले गेले. कोबेत घेतलेल्या निर्णयाने तापीकाठचा भाव हलावा, इतके हे नाते जवळचे होते.

मुंबईत त्या काळी जपानी व्यापारी होते, त्यांच्या पेढ्या होत्या. १९३१ साली भारतात आलेल्या फुजी गुरुजींच्या परंपरेचे बौद्ध मंदिर वरळीत आजही उभे आहे. व्यापार होता, देऊळ होते, पण जपानी ताट ही काही मुंबईकरांची हौस झाली नाही. मराठी वाचकाला जपान भेटला तो पुस्तकांतून. पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'पूर्वरंग'ने तो घरोघर नेला. शिरीष पै ह्यांनी हायकू मराठीत रुजवला. जपानी कविता आपल्या भाषेत आली, जपानी स्वयंपाक आला नाही. असे का व्हावे?

ह्याचे उत्तर शोधताना टोकियोतली एक उलटी घटना उपयोगी पडते. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली जपानला निसटले. शिंजुकूच्या नाकामुराया ह्या बेकरीच्या मालकांनी, सोमा कुटुंबाने, त्यांना लपवून ठेवले आणि पुढे बोस त्यांचे जावई झाले. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह काढले, तेव्हा बोसांनी तिथे हिंदी पद्धतीची कोंबडीची करी आणली. जपानमध्ये करी नवी नव्हती. इंग्रजांच्या वाटेने गेलेली, पिठाने दाट केलेली स्वस्त करी तिथे सर्रास मिळत होती. बोसांची करी तिच्या कैकपट महाग होती, आणि तरीही ती चालली. बंगाली घरात जे रोजच्या पातेल्यात शिजते, ते टोकियोत प्रतिष्ठेचे अन्न झाले. ते करणारा माणूस कोण, ते कुठून आले, अस्सल म्हणजे काय, हे सगळे त्या ताटाबरोबर सांगितले गेले म्हणून.

सुशीच्या बाबतीत हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाच्या टंचाईत टोकियोच्या सुशीवाल्यांनी एक तोड काढली. गिऱ्हाइकाने ठरावीक माप तांदूळ आणायचा, त्याच्या बदल्यात दहा घास करून न्यायचे. गाडे हळूहळू बंद झाले, सुशी चार भिंतींच्या आत गेली. १९७२ मध्ये कॅनडातला ट्यूना विमानाने टोकियोच्या बाजारात पोहोचला आणि समुद्राच्या अंतराचा अडसर संपला. ह्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकी गिऱ्हाईक कच्चा मासा खायला शिकत होते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला 'नोबू' उघडले. तिथल्या स्वयंपाकघराचे नेतृत्व केलेले हिरोशिमाचे मासाहारू मोरीमोतो दूरचित्रवाणीवरील पाककलेच्या द्वंद्वांमुळे जगभर ठाऊक झाले. २००४ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांच्या नावाचे 'वासाबी बाय मोरीमोतो' सुरू झाले. जमशेटजींनीच १९०३ साली उघडलेले हे हॉटेल. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात त्याची जुनी वास्तू होरपळली आणि १५ ऑगस्ट २०१० रोजी ती पुन्हा सुरू झाली.

पुढे मुंबईत अशी उपाहारगृहे वाढली. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी ॲव्होकाडो आणि शतावरीच्या कोंबांची सुशी आली, आणि वाळवलेल्या माशाच्या काढ्याऐवजी समुद्रशैवाल व अळंबी उकळून रस्से होऊ लागले.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. आपला कापूस पूर्वेच्या वाटेने सरळ कोबेला गेला. जपानी ताट मात्र मुंबईला पूर्वेकडून आले नाही, ते पश्चिमेकडून, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कला वळसा घालून आले. शंभराहून अधिक वर्षांचा सरळ व्यापार जे करू शकला नाही, ते न्यूयॉर्कच्या शिक्क्याने दहा वर्षांत केले. खुद्द टोकियोचेही असेच. २००७ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन मार्गदर्शिकेने टोकियोला एकशे एक्क्याण्णव तारे वाटले आणि पॅरिसला मागे टाकले. गिंझातल्या एका तळघरातले दहा जागांचे सुशीचे दुकान त्यानंतर जगाचे तीर्थ झाले. अन्नाची उंची मुक्कामाला नसते, ती वाटेत चढते.

परंतु केवळ वाटेने हे होत नाही. कापूसही दूर गेला होता, त्याला उंची चढली नाही. गाठींवर प्रदेशाचे नाव होते, पिकवणाऱ्याचे नव्हते. सुशीमागे मात्र करणाऱ्याचे नाव आहे, माशाचे नाव आहे, पाण्याचे नाव आहे, ऋतूचे नाव आहे, आणि ही सगळी नावे कुणीतरी शतकानुशतके लिहून ठेवली आहेत. २०१३ साली युनेस्कोने जपानी पारंपरिक आहारपद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ते ह्या लिहिलेल्या स्मृतीच्या बळावर.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष होते. त्या निमित्ताने भगर, नाचणी, ज्वारी पंचतारांकित मेनूंवर चढली. आनंदाची गोष्ट, पण त्या मेनूंवर सातपुड्यातल्या कुणा पिकवणाऱ्याचे वा रांधणारीचे नाव माझ्या पाहण्यात आले नाही. म्हणजे भगर पुन्हा कापसाच्या वाटेने चालली आहे. माल जाईल, नाव राहील मागे.

साहित्याच्या अध्यापकाचे काम इथे सुरू होते असे मला वाटते. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रकाशित झाली, तेव्हा खानदेशातले जाते, तवा आणि चूल मराठी कवितेत मानाने आली. तोवर त्या वस्तू इथल्या घराघरांत होत्याच. नव्हती ती त्यांची नोंद. लेवा गणबोलीला बहिणाबाईंमुळे जे मिळाले, त्याची पावरी, भिली, मावची ह्या बोलींतल्या चुलींना अजून प्रतीक्षा आहे.

निघताना त्या विद्यार्थ्याने खिशातून एक वही काढली. एका बाजूला जपानी माशांची नावे देवनागरीत होती. मागच्या पानांवर त्याच्या आईकडून फोनवर विचारून लिहिलेली रानभाज्यांची पावरी नावे. 'सर, हे बरोबर लिहिले आहे का?' त्याने विचारले. मी आयुष्यभर शुद्धलेखन तपासत आलो आहे, पण त्या पानावर लाल पेन चालवायचा मला अधिकार नव्हता. ते शब्द मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्याला तीन वर्षे मीच मराठी शिकवली होती.

परत आल्यावर द्वितीय वर्षाच्या वर्गाला एक पानाचे काम दिले. घरी काल रात्री काय शिजले, ते घरच्या बोलीतल्या नावांनिशी लिहून आणा. एकेचाळीस पाने आली. बहुतेकांवर पुरणपोळी, पावभाजी, पनीर. चार पानांवर भगर, आंबाडी आणि दोन अशा भाज्या, ज्यांची नावे मला विचारून घ्यावी लागली. उरलेल्या सदतीस घरी खरोखर काय शिजले होते, ते मला अजून कळलेले नाही. पुढच्या सत्रात पुन्हा विचारणार आहे.