उघडं कार्ड आणि बंद पाकीट

खासगीपणाची काळजी वाटते असं म्हणणारी माणसं मोबाइलवर मागितलेली प्रत्येक परवानगी देऊन मोकळी होतात. त्यावरून लोकांना खासगीपणाचं खरं तर काही पडलेलंच नाही, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. मला तो चुकीचा वाटतो, आणि त्याचं उत्तर पोस्टकार्डाच्या इतिहासात आहे.

इमान्युएल हेरमान या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञाने जानेवारी १८६९मध्ये व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्रात मुद्दा मांडला की, दोन ओळींच्या निरोपासाठी लिफाफा आणि पुरतं टपालहशील कशाला? त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीत दोन क्रॉइत्सरचं कार्ड निघालं. पत्राला पाच लागत. मजकूर उघडा राहणार हे टपाल खातंही जाणून होतं. मजकुराची जबाबदारी आमच्यावर नाही, असं त्याने कार्डावरच छापलं. नोकरचाकर वाचतील, कुणाची बदनामी उघड्यावर फिरेल, अशी ओरड झाली. तरी पहिल्या तीन महिन्यांत सुमारे ३० लाख कार्डं गेली. भारतात १ जुलै १८७९ला पाव आण्याचं कार्ड आलं, पाकिटाच्या निम्म्या किमतीत, आणि मराठी घरांनीही ते आपलंसं केलं.

स्वस्ताईपुढे खासगीपणा हरला, असं यावर कुणी म्हणेल. पण त्या कार्डांवर लिहिलं काय जाई ते पाहावं. सुखरूप पोचल्याची खुशाली, पाऊसपाणी, वडिलांना साष्टांग नमस्कार, आणि नाजूक विषय आला की ‘बाकी समक्ष भेटीत’. सोयरिकीतली कुरबुर किंवा पैशांची अडचण पाकिटात जाई. गावात पोस्टमनच अनेकांना पत्र वाचून दाखवी, त्यामुळे वाचणारा कोण हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. म्हणजे माणसं बेफिकीर नव्हती. काय उघडं ठेवायचं आणि काय झाकायचं, याचा हिशेब करूनच ती लिहीत होती. हा हिशेब जमे, कारण कार्डाचा उघडेपणा डोळ्यांना दिसत होता आणि थोडे जास्त पैसे मोजले की पाकीट मिळत होतं.

आजच्या व्यवहारात या दोन्ही गोष्टी नाहीत. ॲलिशिया मॅक्डॉनल्ड आणि लॉरी क्रेनर या संशोधकांनी २००८मध्ये अंदाज बांधला की, वर्षभरात भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचं खासगीपणाचं धोरण वाचायचं तर एका अमेरिकन माणसाचे सुमारे २४४ तास जातील. इतकं वाचून कुणी संमती देत नाही. म्हणून त्या संमतीवरून त्याच्या मनाचा कौलही काढता येत नाही. वाचलं असतं तरी लोकांनी होच म्हटलं असतं, हा आक्षेपही टिकत नाही. एप्रिल २०२१पासून ॲपलने आयफोनवर, या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का, असा थेट प्रश्न विचारायला लावला, तेव्हा लोकांनी मोठ्या संख्येने नकार दिला.

उरतो व्हॉट्सॲपचा दाखला. जानेवारी २०२१मध्ये त्याच्या नव्या धोरणाविरुद्ध गदारोळ झाला, सिग्नल आणि टेलिग्राम धडाधड उतरवून घेतले गेले, कंपनीला ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. तरी बहुतेकांनी व्हॉट्सॲप सोडलं नाही. पाकीट घ्यायला पोस्टात गेलेल्या माणसाला पत्ता बदलावा लागत नसे. इथे मात्र शाळेचा, सोसायटीचा आणि भाऊबंदांचा गट सगळा एकदम हलवावा लागला असता.